कौलाची वरची बाजू

नाताळाला पंधरा दिवस होते तेव्हा
खानापूरच्या आमच्या देवळावर वानरांची टोळी उतरली,
आणि उपदेशाच्या ऐन मध्यात
एक कौल सुटून आलं
थेट पाळकसाहेबांच्या पुढ्यात.
कुणी हसलं नाही.
मी हसलो, पण मनात.

वर्गणी निघाली.
मी दोनशे कौलांचे पैसे दिले.
पाकिटावर नाव लिहिलं शाळामास्तरी अक्षरात,
वाचणाऱ्याची जीभ अडखळू नये असं सुटं सुटं:
शांतवन भास्कर दोडमनी.

रविवारी सेक्रेटरींनी यादी वाचली.
नम्र माणसं घालतात तशी
मी मान खाली घातली होती,
कान मात्र उभे.
लोंढ्याच्या नर्सबाईंची पन्नास कौलं आली,
बिडीच्या कंपाउंडरची वीस आली,
कुणाची तरी अकरा आली, अकराच का कोण जाणे,
आणि मग आलं, "व इतर."
इतर!
पुढच्या प्रार्थनेला मी फक्त ओठ हलवले.
घरी आल्यावर बायकोला म्हटलं, भात कच्चा राहिलाय.
भात कच्चा नव्हता.

मग फरशीवरून भांडण.
देणाऱ्यांची नावं संगमरवरात कोरायची म्हणे,
पण कोरायची कुठल्या लिपीत?
अर्धे मराठी म्हणाले, अर्धे कानडी,
एकानं विचारलं, दोन्ही घातल्या तर वर कुठली नि खाली कुठली,
तिथंच चहा निवून गेला.
मी मराठीच्या बाजूनं बोललो, टेबलावर मूठ आपटून.
भाषेसाठी बोलतोय असं सगळ्यांना वाटलं.
मलाही वाटलं,
देवळाच्या फाटकापर्यंत.
दगड काही आला नाही.

कौलं शेकारायला गर्लगुंजीचा इसाक आला.
अर्धी मजुरी त्यानं घेतलीच नाही,
हे मला मार्चमध्ये कळलं, तेही हिशेबाच्या वहीतून,
तिथंही त्याच्या नावापुढं
नुसती एक आडवी रेघ.
त्या दिवशी पोऱ्या आला नव्हता म्हणून
मी शिडीवर उभा राहून कौलं वर देत होतो.
"मास्तर, दमानं. हात कापतोय तुमचा."
प्रत्येक कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव,
ठसठशीत, उठावाचं.
पाठ कोरी.
मी आपलं विचारलं,
नाव वर का नाही रे घालत?
"वर नाव असलं तर पाणी अडतंय की,"
तो म्हणाला, आणि पुढच्या कौलासाठी हात केला.

घंटेच्या मागं, जिथं खालून कुणाची नजर पोचत नाही,
तिथलं एक कौल त्यानं तीनदा काढलं, तीनदा बसवलं.
नखानं शेवाळ खरवडलं.
डोळा बारीक करून ओळ बघितली.
मग उगाच हात फिरवला त्याच्यावर,
निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
खाली पोरं नाताळाच्या नाटकाची तालीम करत होती,
मेंढपाळांची काठी कुणी घ्यायची म्हणून रडारड चाललेली.
वर कुणी बघितलं नाही.
मला पहिल्यांदा लाज वाटली,
आणि ती लाज
लोकांसमोर वाटते तसली नव्हती.

आता रविवारी बाकावर बसून मी वर बघतो.
ओळीनं कारखान्याचं नाव दिसतं, शेकड्यांनी,
सगळं आमच्याकडं तोंड करून.
त्याच्यावरची कोरी बाजू
दिसते त्यालाच दिसते.
तरी खोटं कशाला बोलू,
उपदेश लांबला की अजून मनात येतं,
कुणीतरी विचारावं, मास्तर, यातली तुमची कुठली?
विचारत नाही कोणी.
तर आता हे लिहून बसलो,
वर परत पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट.

इसाक, शिडी धर की रे जरा.
एक कौल उलटं बसलंय.